भिवराक्काचा वरवंटा

फार फार वर्षांपूर्वी कोळवड्याच्या टेकडीवर वेड्यांचं इस्पितळ होतं. त्याच्या फाटकाशी भिवराक्का वरवंटा घेऊन बसायची. आत काच न्यायची नाही, असा नियम. म्हणून येणाऱ्या प्रत्येक बाईच्या बांगड्या ती उंबऱ्यावर फोडायची. बांगड्या फुटल्या की बाई आतली झाली. पुन्हा बाहेर येणं नाही. बाया टाहो फोडत, "अगं, माझा नवरा जिवंत आहे!" भिवराक्का म्हणे, "नियम आहे, बाई." तिचे स्वतःचे हात कधीचेच भुंडे होते.

एके दिवशी दौलतीने आपली बायको तानू बैलगाडीतून आणली. गाडीत एक कोवळी पोरही बसली होती, हळदीच्या अंगाची, हातभर हिरवा चुडा ल्यालेली.

"ही कोण?" भिवराक्काने विचारलं.

"नवी बायको. कालच लगीन झालं. ही जुनी मांडवात आडवी पडली. वेडीच की! तिचा चुडा भरला, हिचा फोडा. आवरा, बैलं उन्हात उभी आहेत."

भिवराक्का उसळली, "बैलांची बरी कणव आहे रे तुला! आणि चुडा फोडून हिने रडायचं कुणासाठी? तू तर धडधाकट उभा आहेस!"

"अक्का, मी शहाणी आहे गं," तानू म्हणाली.

इस्पितळाचे साहेब व्हरांड्यातून ओरडले, "बोलणं पुरे. मार!"

वरवंटा पडला. असं म्हणतात, तानूची एकही बांगडी तडकली नाही, नुसत्या किणकिणल्या. आणि गाडीतल्या पोरीचा चुडा, कुणी हात न लावता, खळ्ळकन फुटून तिच्या मांडीवर पडला.

बैल बुजले. दौलती त्यांना आवरायला धावला. पोर खाली उतरली आणि तानूच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. "मी नाही जायची याच्या घरी!"

"पुन्हा मार!" साहेब गरजले.

भिवराक्काने तानूच्या अख्ख्या बांगड्यांकडे पाहिलं. आजवर किती जणी अशाच आल्या असतील? तिने एकीलाही विचारलं नव्हतं. तिने वरवंटा डोक्यावर उचलला आणि उंबऱ्यावर आपटला. दगडाची दोन शकलं झाली.

"घ्या तुमचा नियम!"

तानू आणि ती पोर हातात हात घालून टेकडी उतरल्या. असं म्हणतात, साहेबांनी मग गावोगाव माणसं धाडली, पण वरवंटा धरायला एक हात मिळाला नाही.

इस्पितळ केव्हाच पडलं. शकलं उंबऱ्याशी आहेत. सासरी निघालेल्या मुली त्यांना हळद लावतात. कोळवड्यात आजही नवरा गेला तरी बाईच्या बांगड्या फोडत नाहीत. परगावचा कुणी पाहुणा हट्टाला पेटलाच, तर म्हाताऱ्या टेकडीकडे बोट दाखवतात:

"वरवंटा भिवराक्काकडं आहे. जा, तिच्याकडून मागून आण."