कुंभाराचा हुंकार

खूप जुन्या काळची ही गोष्ट. तेव्हा राजा कोण होता, तेही आता कुणाला आठवत नाही. नदीकाठच्या एका गावात एक कुंभार आपल्या लहान लेकीबरोबर राहत होता.

त्या गावाची रीत अशी, की कुणी गोष्ट सांगू लागलं की ऐकणाऱ्याने 'हूं' म्हणायचं. हुंकार थांबला की गोष्टही थांबली. कुंभार चाक फिरवता फिरवता गोष्ट सांगे आणि लेक मन लावून 'हूं' म्हणे.

एके दिवशी लेक म्हणाली, "बा, आज मी सांगते. तू हूं म्हण. एकदा एका मुंगीने हत्तीला जेवायला बोलावलं..."

"हूं," म्हणून कुंभार माती आणायला निघून गेला. दुसऱ्या दिवशी तिने पहिल्यापासून सुरुवात केली, तर त्याला डुलकी लागली. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. पण पोरगी भारी चिवट! चौथ्या दिवशी ती मांडी ठोकून बसली. "आज शेवट सांगितल्याशिवाय मी उठायची नाही," ती म्हणाली.

कुंभार हूं हूं करत होता, पण लक्ष सगळं चाकावर. इतक्यात त्यांचं गाढव दावं तोडून अंगणात शिरलं. तिथे कच्ची मडकी उन्हात वाळत होती. लेक धावली आणि गाढवाचा कान धरून ओढू लागली.

"बा, गाढव सुटलं!"

"हूं."

"मडक्यांत शिरलं रे!"

"हूं."

"चार तुडवली!"

"हूं... छान आहे हं गोष्ट."

शेवटी गाढव रेकलं, तेव्हा कुंभाराने मान वर केली. एकही मडकं धड उरलं नव्हतं.

"अगं, हाक नाही का मारायची?"

"मारली की! तू हूं म्हणलास."

कुंभाराचं तोंड एवढंसं झालं. खरं सांगू? मला त्याची जराही दया येत नाही. त्याने मुकाट्याने ते तुकडे पाण्यात भिजत घातले. माती कच्ची होती, पुन्हा मळता येणार होती. मग हात धुऊन तो लेकीसमोर बसला. "सांग. पहिल्यापासून."

ती सांगू लागली. मुंगीने दूरच्या शेतातून तांदळाचा एक दाणा ओढत ओढत आणला आणि हत्तीपुढे ठेवला.

"एका दाण्याने हत्तीचं काय होणार?" कुंभाराला राहवेना.

लेक खुलली. "हत्तीने दाणा खाल्ला, मोठ्ठा ढेकर दिला आणि म्हणाला, पोट भरलं!"

"एवढ्याशा दाण्याने?"

"तिने किती लांबून आणला होता, बा!"

कुंभाराने लेकीला जवळ ओढून घेतलं.

तात्पर्य: लेकराची गोष्ट मन लावून ऐकावी, कोरड्या हुंकाराने कुणाचंच भलं होत नाही.