तिळाएवढ्या पाहुण्यांचा वाटा

फार फार वर्षांपूर्वी, किडामुंगीलाही माणसाशी बोलायला सवड होती, तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगरउतारावर सीताफळांची बाग होती. एक म्हातारी, तिचा मुलगा आणि सून त्या बागेवरच जगत.

म्हातारीची एक रीत होती. पिकून फुटलेलं फळ झाडाखाली पडलं, की ती ते उचलत नसे. "राहू दे गं, ते त्यांचं आहे," असं म्हणून हात जोडे. 'त्यांचं' म्हणजे कुणाचं, हे सुनेनं कधी विचारलं नाही. विचारलं आणि सासूचं बरोबर निघालं तर?

सून भारी टापटिपीची. तिच्या अंगणात कावळासुद्धा पाय पुसून उतरतो, असं लोक म्हणत. म्हातारी देवाघरी गेली, दिवसकार्य उरकलं आणि सुनेनं खराटा हाती घेतला. सडकी फळं, पाचोळा, सगळं झाडून जाळून टाकलं. गावातल्या बाया मुद्दाम बाग बघायला येऊ लागल्या. "अगं, इथं पान मांडून जेवावं!" त्या म्हणत, आणि सुनेच्या अंगावर मूठभर मांस चढे.

झाडंही फुलली. हिरवट, जाड पाकळ्यांची फुलं फांदीफांदीला लटकली आणि तशीच गळून गेली. पहिल्या वर्षी फळं थोडीच धरली. दुसऱ्या वर्षी झाडंच्या झाडं रिकामी राहिली.

नवरा कुऱ्हाडीला धार लावू लागला. "न फळणारी झाडं काय पुजायची आहेत? उद्या तोडतो. नाचणी तरी पेरू."

 ही झाडं सुनेनं डोंगराखालून घागरी वाहून जगवली होती.

झाडांचा निरोप घेत ती बागभर फिरली. अगदी टोकाला, निवडुंगाच्या कुंपणापलीकडे, खडकाच्या कपारीत एक झाड होतं. तिथं खराटा कधी पोचलाच नव्हता. झाडाखाली सडक्या फळांचा खच पडला होता. दुःख झालं म्हणून हाताची सवय जाते थोडीच! तिनं पदर नाकाला लावला आणि हातातला खराटा उगारला.

तोच एका फुटक्या फळातून तिळाएवढा भुंगेरा बाहेर आला.

"बाई, आमचं घर मोडतेस तर मोड. पण आधी वर बघ."

तिनं वर पाहिलं. फांद्या फळांनी वाकल्या होत्या.

"हे कसं रे?"

"सीताफळाचं फूल लाजरं. पुरतं उमलत नाही, मधमाशीला आत वाव नाही. आम्ही शिरतो, मुक्काम करतो, आणि जाताना अंगाला लागलेले पराग दुसऱ्या फुलात नेतो. तेव्हा कुठं फळ धरतं. पण फुलं असतात थोडेच दिवस. एरवी आम्ही जायचं कुठं? या सडक्या फळांत, पाचोळ्यात राहतो. तुझ्या सासूला आमचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. तरी ती आमचा वाटा ठेवायची."

सुनेनं खराटा बाजूला टाकला. "आत्याबाई, मी तुमचे पाहुणे हाकलले हो!" म्हणून ती ढसाढसा रडली.

मग नाकाला लावलेल्या त्याच पदरात तिनं सडकी फळं भरली आणि एकेका झाडाखाली नेऊन ठेवली. नवऱ्याला म्हणाली, "एवढं एक वर्ष थांबा. मग मी अडवणार नाही." तो थांबला, पण कुऱ्हाड त्यानं दारातच ठेवली.

बायांनी नाकाला पदर लावले. "सोन्यासारख्या बागेचा उकिरडा केलास की गं!"  सून रोज बागेत जाई, फुलांत वाकून बघे, आणि आत एखादा तीळ हलला की तिचा जीव भांड्यात पडे.

पुढच्या हंगामात झाडं अशी लगडली, की फांद्या मोडतील अशी भीती वाटू लागली. नवऱ्यानं दारातली कुऱ्हाड उचलली आणि फांद्यांना टेकू द्यायला बांबू तोडून आणले.

बाया टोपल्या घेऊन आल्या. नाकाला पदर आता कुणाचाच नव्हता.

"थांबा हं जरा," सून म्हणाली. तिनं सगळ्यांत गोड, पिकून डोळे उघडलेली फळं निवडली, हातानं फोडली आणि झाडाझाडाखाली ठेवून हात जोडले.

"आधी त्यांचं. मग आपलं."

म्हणून लहानांनो आणि थोरांनो, ज्यांचे उपकार डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांचा वाटा सगळ्यांत आधी काढून ठेवावा.