सहा इंचांची जीप

पेठजवळच्या पाड्यांवरून गरोदर बायांना दवाखान्यात पोचवायला यमुना भोये स्वतःची जुनी जीप चालवायची. ओढ्यातले दगड जीपच्या पोटाला लागत. एकदा गाडी तिथेच अडकली आणि कळा देणाऱ्या बाईला झोळीतून न्यावं लागलं. मग यमुना जीप उंच करून घ्यायला नाशिकला वसंतशेठच्या गॅरेजात गेली.

"दगड बोटभरच लागतात. दोन इंच उंच करा, तेवढेच पैसे आहेत," ती म्हणाली.

शेठ मोठ्याने हसला. "दोन इंच? माझी जीप बघा, सहा इंच उंच केलीय! कर्ज काढा, पण सहाच करा. दोन इंच बरे हे मला पटवून दिलंत, तर मजुरी माफ!"

यमुनाने कोपऱ्यातली नटबोल्टची जड पिशवी उचलून मिस्त्रीकडे दिली. "ही शेठच्या पोटाला बांधा. शेठ, आता चढा तुमच्या जीपमध्ये."

शेठ ऐटीत पुढे झाला. पहिल्यांदा पाय घसरला, दुसऱ्यांदा गुडघा आपटला आणि तिसऱ्यांदा तो दाराला लोंबकळत राहिला.

"अहो, कुणीतरी धरा!" तो ओरडला.

यमुनाने त्याला आधार देऊन अलगद खाली उतरवलं. "शेठ, तुमच्या पोटावर नुसतं लोखंड होतं. माझ्या गाडीत चढणारीच्या पोटात बाळ असतं, आणि चढताचढता कळ येते."

शेठ गुडघा चोळत बाजूला झाला. मग मिस्त्रीला म्हणाला, "ताईंच्या जीपला दोन इंचच बसवा. आणि मजुरी लावू नका."

दुसऱ्या दिवशी यमुनाने एका बाईला घेऊन ओढा ओलांडला. एकही दगड लागला नाही.