महाराजांच्या शिंगाची पिन

आमच्या रानात गाड्यांचा एक कारखाना होता. रान लहान होतं, राजा मोठा होता आणि गाड्या मध्यम होत्या.

गाडी तयार झाली की तपासणीला यायची. चाकं सरळ आहेत का ते खेकडा बघायचा. सरळ म्हणजे काय, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. घुबड दिवे बघायचं, तेही भर दुपारी. रेडा ब्रेक बघायचा. तिघांच्या यंत्रांच्या वायरी वेगळ्या, गाड्यांची सॉकेटं वेगळी. जुळेल ती पिन शोधून वायरीला बसवणं हे माझं काम. मी खार. पिनांची माळ गळ्यात घालून मी दिवसभर या वायरीवरून त्या वायरीवर उड्या मारायचे आणि घरी पोचेपर्यंत माझी बोरी झोपलेली असायची. पोरीची आणि माझी ओळख मुख्यतः तिच्या शेपटीपुरती होती.

म्हणून मीच अर्ज केला. सगळीकडे एकच पिन करा, म्हणजे आईला वेळेवर घरी जाता येईल.

उद्योगमंत्री बगळेसाहेबांनी त्यातला आईचा भाग वगळून सभा घेतली.

"बंधू-भगिनींनो! कोणाची पिन दोन दातांची, कोणाची तीन दातांची! या दातांनीच आपलं रान पोखरलं आहे. बोला, एक रान..."

"एक पिन!" आम्ही ओरडलो. माझा आवाज सगळ्यात मोठा होता. टाळ्या वाजवताना मी माझं शेंगदाण्याचं पाकीटही खाली पाडलं.

मग पिनेचा आकार ठरवायला समिती बसली. खेकडा म्हणाला, नांगीसारखी. घुबड म्हणालं, डोळ्यासारखी गोल. रेडा म्हणाला, "मला काही म्हणायचं नाही, पण जाड पाहिजे." भांडण इतकं पेटलं, की शेवटी गेंडा महाराजांच्या शिंगाचा आकार मंजूर झाला. त्याला हरकत घेणारं कोणी नव्हतं.

सगळ्या यंत्रांच्या वायरींना शिंगं बसली. यंत्रांच्या पुढच्या बाजूला शिंगाची सॉकेटंही बसली. गाड्यांची सॉकेटं मात्र जुनीच राहिली.

"गाड्यांचं दुसऱ्या टप्प्यात," बगळेसाहेब म्हणाले आणि माझी माळ जप्त करून घेऊन गेले. रेड्याच्या वायरीची एक जाड पिन तेवढी वाचली. ती बोरीचा खुळखुळा झाली होती.

उद्घाटनाला महाराज आले. मी रेड्याची वायर उचलली. शिंग कुठल्याच गाडीत शिरेना.

"अगं, कुठंतरी लाव ना बाई," बगळेसाहेब चोचीतल्या चोचीत म्हणाले.

मी ते घुबडाच्या यंत्रात लावलं. चपखल बसलं. दोन्ही यंत्रांवर हिरवे दिवे लागले. महाराज गहिवरले. गाडी पुढे गेली. त्यानंतर घुबड खेकड्याला जोडलं, खेकडा रेड्याला, आणि यंत्रं दिवसभर एकमेकांना तपासून एकमेकांना पास करू लागली. गाड्या बाजूने जात राहिल्या. मी उजेडात घरी पोचू लागले. बोरीच्या दोन्ही गालांवर लाल ठिपके आहेत, हे मला तेव्हा कळलं. मी बगळेसाहेबांना मत द्यायचं ठरवून टाकलं.

मग एके सकाळी बालवाडीची नवी गाडी लाईनवर आली. घाटाखालच्या बालवाडीला पिल्लं नेणारी. दाराशी बोरी डबा घेऊन उभी, हातात खुळखुळा.

मी धावत रेड्याकडे गेले. "रेडेभाऊ, हिचा ब्रेक बघा हो. माझी पोर बसणार आहे."

"बघितला की. हिरवा दिवा दिसला नाही का?"

"अहो, तुमची वायर घुबडाच्या यंत्रात आहे!"

"मग घुबडाचा ब्रेक उत्तम आहे," रेडा म्हणाला आणि रवंथ करू लागला.

पिल्लं चढायला लागली. मी रेड्याची वायर उपसली, महाराजांचं शिंग दातांनी कुरतडून काढलं, बोरीच्या हातातला खुळखुळा घेतला, तर तिने भोकाड पसरलं. तसंच ते ऐकत मी पिन वायरीला बसवून गाडीला लावली.

लाल दिवा लागला. ब्रेक नव्हताच. बसवायचा राहिला होता.

पिल्लं खाली उतरली. बोरीने दिवसभर माझ्याशी कट्टी केली, खुळखुळा मोडला म्हणून.

शिंग कुरतडल्याबद्दल माझी नोकरी गेली. चौकशी समितीनेही मन लावून काम केलं. लाल दिवा लागेपर्यंत सगळं सुरळीत होतं, असा निष्कर्ष निघाला आणि सगळ्या यंत्रांवरचे लाल दिवे काढून टाकण्यात आले. तेव्हापासून आमच्याकडे एकही गाडी नापास झालेली नाही.

मी आणि बोरी आता घाट पायी उतरतो. वाटेत रोज सगळं मंत्रिमंडळ भेटतं, तेही पायीच. महाराज सर्वांत पुढे असतात. केवढा हा साधेपणा, म्हणून आम्ही कडेला उभे राहून टाळ्या वाजवतो.