तिसऱ्या कवचातली घोरपड

फार लांबची गोष्ट नाही, आणि फार मोठीही नाही. अणूएवढं एक राज्य होतं. मधोमध टेकाडावर केंद्रोजी महाराज बसत. महाराज जातीने गवा. त्यांचं वजन इतकं, की राज्याचं सगळं वजन म्हणजे महाराजच. बाकी चहूकडे नुसतं मोकळं माळरान होतं. त्याला विकासक्षेत्र म्हणत.

महाराजांना प्रदक्षिणा घालणं हेच दरबाराचं काम. प्रदक्षिणेच्या प्रत्येक फेऱ्याला कवच म्हणत. पहिल्या कवचात दोन जागा, तिथे दोन उदमांजरं फिरत. दुसऱ्यात आठ जागा, तिथे आठ मुंगसं. आतलं कवच भरल्याशिवाय बाहेरच्यात कुणाला घ्यायचं नाही, आणि आत जागा मिळालेल्याने बाहेर यायचं नाही. हा नियम निसर्गाचाच आहे, असं उदमांजरं सांगत.

धुरपदा घोरपडीला खालच्या आळीने निवडून पाठवलं, तेव्हा दहा जागा भरलेल्या होत्या. ती अकरावी. तिला तिसऱ्या कवचात एकटीला सोडून दिलं. तिथून महाराजांची शेपटीही दिसत नसे, कारण मध्ये दहा पाठी होत्या. तरी ती रोज ओरडे, कारण आळीतली पोरं तहानेने सुकत चालली होती.

"महाराज, खालच्या आळीचा पाणवठा गाळाने भरला! पोरं दगड चाटतायत!"

मुंगसांनी आत कळवलं, "खालच्या आळीचा पाणवठा भरला म्हणतात."

उदमांजरांनी महाराजांच्या कानात सांगितलं, "खालची आळी भरून पावली, महाराज."

महाराज गहिवरले. तिसऱ्या कवचाला निरोप आला, की आभार पोचले, सत्कार नको.

एके सकाळी कुंपणावर भारद्वाज दिसला. शुभशकुन म्हणून धुरपदाने हात जोडले. पण तो शेजारच्या ओढोजी रानडुकराच्या राज्याचा दूत होता.

"धुरपदाक्का, एकट्या किती दिवस फिरणार? आमच्या बाहेरच्या कवचात सात झालेत. आठवं कुणी आलं की अष्टक पूर्ण. आमचे महाराज तुमच्यासाठी जीव टाकतायत."

"पाण्याचं काय?"

"पहिल्या बैठकीत पहिला विषय पाणी. शब्द आहे आमचा."

घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, असं लोक म्हणतात. पण चिकटायलाही काहीतरी हाताशी लागतं. धुरपदा गेली. कुणी साधं 'थांब' म्हणालं नाही, याचं तिला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी थोरल्या मुंगसाने सभा घेतली. "गद्दार! खाल्ल्या घरचे वासे मोजणारी!" एवढं बोलून त्याने मागे वळून पाहिलं. तिसरं कवच रिकामं झालं होतं, म्हणजे ते नव्हतंच. सगळ्यात बाहेरचं कवच आता त्याचं स्वतःचं होतं, आणि त्यात बरोबर आठ जण होते. तो न थांबता पुढे म्हणाला, "तेव्हा बंधूंनो, आपलं अष्टक पूर्ण झालं! आठांचा थाट, स्थैर्याची वाट!" टाळ्या पडल्या.

तिकडे ओढोजींचेही आठ झाले. ज्याचा एक गेला ते राज्य स्वतःला धन म्हणवू लागलं, आणि ज्याला एक मिळाला ते म्हणालं, आम्ही ऋणी आहोत. धन आणि ऋण शेजारी आले की काय होतं, हे शाळेत शिकवतात. कालपर्यंत एकमेकांच्या नावाने शिमगा करणारे दोन्ही महाराज एकमेकांना चिकटले, ते सोडवेनात. मंगलाष्टकं झाली. दोघांच्या मिलनातून जे तयार झालं त्याला मीठ म्हणत. युतीचा प्रसाद म्हणून त्याचे खडे गावोगाव वाटले. खालच्या आळीला दोन दोन मिळाले.

मग संयुक्त बैठक भरली. पहिला विषय खरोखरच पाणी होता. धुरपदाने पोरांची नावं घेऊन घेऊन सांगितलं आणि सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. असं कधी झालं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

ऐकून झाल्यावर थोरलं उदमांजर उठलं. "विषय जिव्हाळ्याचा आहे. पण महाराज, आपली युती मिठाची. पाणी लागलं तर दोन्ही राज्यं सुटी होतील."

ताबडतोब ठराव आला, की स्थैर्याच्या हितासाठी सर्व पाणवठ्यांतला गाळ आहे तसा जतन करावा. ओढोजींच्या बाहेरच्या कवचातले सात पंजे वर झाले. सगळे धुरपदाकडे पाहू लागले. परत जायला तिसरं कवच उरलं नव्हतं. तिने पंजा वर केला, आणि तिला स्वतःची किळस आली.

ठराव आळीला समजावून सांगायचं कामही तिच्याकडेच आलं. गळ्यात हार घालून ती पाणवठ्यावर पोचली. सगळी आळी जमली होती. म्हातारी सायाळ पुढे आली.

"आणलंस का गं, बाई?"

धुरपदाला वर बघवेना. "स्थिर सरकार आणलंय, आजी."

"गुणाची माझी बाय," म्हातारी म्हणाली. "घागर काढू, का कळशीत मावंल?"