निम्म्या कपाचं मैदान

टेंभुरखेडं नावाच्या गावात एक भोळा माणूस होता. त्याचं नाव झिपरू. कबड्डीच्या मैदानावर पाणी मारायचं आणि फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढायच्या, हे त्याचं काम. रेघ अशी सरळ ओढायचा की बघत राहावं. डोकं मात्र रेघेपेक्षाही सरळ. सांगितलं तेवढंच त्यात शिरायचं, आणि एकदा शिरलं की बाहेर निघायचं नाही.

गावच्या पोरींना कबड्डी शिकवायचे दौलत मास्तर. तालुक्याच्या सामन्यांना थोडे दिवस उरले आणि मास्तर जिन्यावरून पडले. पाय प्लास्टरात गेला. त्यात सरपंच आप्पांनी जाहीर करून टाकलं, "यंदा कप आणलात तर मैदान पोरींचं. नाही आणलात तर तिथं माझे ट्रॅक्टर उभे राहतील." पोरींना दुसरं मैदान नव्हतं. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

मास्तरांनी झिपरूला खाटेपाशी बोलावलं. "झिपऱ्या, आता पोरी तुझ्या हवाली. नुसतं जिंकायला शिकवू नको. माणसं घडव. त्यांची काळजी घे."

"घेतो, मास्तर."

पहिल्याच दिवशी कप्तान रेवती पडली. झिपरूनं तिला उचललं आणि थेट घरी नेऊन आईच्या ताब्यात दिलं. मग दुसरी पडली. तिलाही पोचवलं. कबड्डी म्हणजे पडापडीच. संध्याकाळपर्यंत अख्खा संघ आपापल्या घरी आणि झिपरू मैदानावर एकटा.

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अरे, पडलेल्याला उचलायचं नसतं! ज्याचं त्याला उठू द्यावं. त्यानं मन घट्ट होतं. आपण बाजूला उभं राहून टाळ्या वाजवायच्या."

"वाजवतो, मास्तर."

दुसऱ्या दिवशी आप्पांची मोटरसायकल मैदानाजवळच घसरली. आप्पा गटारात. कपडे पांढरे होते, ते काळे झाले. पोरी धावल्या, पण झिपरूनं त्यांना अडवून काठावर रांगेत उभं केलं आणि स्वतः टाळ्या वाजवायला लागला.

"उठा, आप्पा! मन घट्ट होतंय!"

"अरे, हात दे की मेल्या!"

"हात टाळ्यांत गुंतलेत, आप्पा!"

आप्पा उठले ते लाल होऊन. म्हणाले, "बघतोच आता कसा कप आणता ते!"

मास्तर खाटेवरच तळमळले. "अरे, माणूस अडचणीत दिसला की धावावं! आपला का परका, बघू नये. हात धरून त्याला घरी पोचवावं."

"पोचवतो, मास्तर."

मग शेजारच्या गावच्या पोरींशी सरावाचा सामना झाला. त्यांची एक पोर चढाईला आली. आपल्या पोरींनी तिला अशी पकडली की काय सांगावं! साती जणी तिच्या अंगावर. ती बिचारी मध्यरेषेकडे हात लांबवून धडपडतेय. झिपरूनं पाहिलं. माणूस अडचणीत होता. तो धावत आत गेला, तिचा हात धरला आणि ओढून तिला रेषेपार तिच्या घरी पोचवलं.

सातच्या सात पोरी बाद.

"झिपरूकाका, तुम्ही कोणाचे?" रेवती ओरडली.

"आपला का परका, बघायचं नसतं," झिपरू शांतपणे म्हणाला.

आता मास्तर रडकुंडीला आले. "अरे बाबा, खेळ चालू असताना आत जायचं नाही! तोंड बंद, हात मागं. माणुसकी खेळ संपल्यावर. जिंकलात, तर हरलेल्यांना जवळ घ्यायचं. आपला आनंद त्यांना निम्मा वाटून द्यायचा. समजलं?"

"समजलं, मास्तर."

तालुक्याच्या सामन्याला झिपरू तोंड बंद आणि हात मागं करून उभा राहिला. पोरींच्या वाटेत कोणीच नव्हतं. त्या जीव तोडून खेळल्या आणि एका गुणानं जिंकल्या! रेवती हसत होती आणि डोळेही पुसत होती. मैदान वाचलं होतं. "काका, जरा धरा," म्हणून तिनं कप झिपरूच्या हातात दिला आणि पोरी पाणी प्यायला गेल्या.

समोर हरलेल्या पोरी हुंदके देत होत्या. झिपरूला गलबलून आलं. तो तसाच स्टँडजवळच्या वेल्डिंगच्या दुकानात गेला.

"हा निम्मा करा."

"उभा कापू का आडवा?"

झिपरूनं विचार केला. उभा कापला तर कोणाचाच भाग नीट बसणार नाही. "आडवा."

वरची वाटी त्यानं हरलेल्यांना दिली. त्या इतक्या चकित झाल्या की रडायच्या थांबल्या. खालची बैठक घेऊन तो पोरींकडे आला. तर इकडे या रडायला लागल्या.

गावात आप्पांनी कपाची ती बैठक उलटसुलट करून पाहिली. "हा निम्मा कप आहे."

रेवती पुढं झाली. "आप्पा, जिंकलो आम्ही. अख्ख्या तालुक्यानं बघितलंय."

लोकही तिच्या बाजूनं बोलायला लागले. आप्पांना माघार घेववेना. म्हणाले, "बरं. निम्मा कप, तर निम्मं मैदान. बोला, कुठलं निम्मं हवं?"

मैदानाची लिंबाकडची बाजू सपाट होती, सावलीची होती. पूर्ण डाव मावेल एवढी होती. साती पोरींनी तिकडं बोट केलं. पण आप्पा म्हणाले, "शिकवणारा कोण? त्यानं सांगायचं."

झिपरू पुढं आला. "कपाचं केलं तसंच करू, आप्पा. आडवंच कापू. वरचं तुम्हाला, खालचं पोरींना."

आप्पांनी एकदा पायाखालच्या मातीकडं पाहिलं. मग घाईघाईनं म्हणाले, "दिलं!"

दुसऱ्या दिवशी मास्तर कुबडी टेकत मैदानावर आले. जिकडंतिकडं ट्रॅक्टर. दोन ट्रॅक्टरांच्या मधे एक खड्डा होता आणि खड्ड्यातून माती वर उडत होती. मास्तरांनी वाकून पाहिलं. आत झिपरू, हातात कुदळ, घामाघूम.

"झिपऱ्या, हे काय चाललंय?"

"पोरींचं मैदान शोधतोय, मास्तर. कंबरेएवढं खणलं, पण अजून फक्कीची एक रेघसुद्धा लागली नाही."