अकरा मात्रांची ओळ

एकदा एक गायिका आपल्या वृद्ध गुरूच्या दारात आली आणि पायातले बूट न काढताच उंबऱ्यावर टेकली. कोरियात असे कोणी करत नाही. गुरूने ते पाहिले.

तिचा अल्बम त्या वर्षी देशभर गाजत होता. दुकानांत, बसमध्ये, शाळेच्या मैदानावर त्यातले पहिलेच गाणे ऐकू येई. अल्बमच्या पुस्तिकेत त्या गाण्याखाली 'शब्द आणि चाल' यापुढे एकच नाव छापले होते. ते तिचे. आता एक दुसरी मुलगी पुढे आली होती. दोघी पूर्वी गायिका घडवणाऱ्या कंपनीच्या वसतिगृहात चार वर्षे एका खोलीत राहिल्या होत्या. एकीला मंच मिळाला, दुसरीला घरी पाठवले. ती दुसरी आता म्हणत होती, या गाण्याचे ध्रुवपद माझे आहे.

"तिच्याकडे पुरावा काही नाही, गुरुजी," गायिका म्हणाली. "उद्या सकाळी मला कागदावर सही करायची आहे, की गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत माझंच. वकील म्हणतात, सोबत तुमचा शिक्का असला की ती मुलगी गप्प बसेल. हे ध्रुवपद तुम्ही माझ्या तोंडून पूर्वीच ऐकलं होतं, एवढंच लिहायचं."

"ऐकलं होतं का मी?"

"शिकवत होतात तुम्ही मला तेव्हा. कधीतरी गुणगुणले असेन की."

"सही केली नाहीस तर?"

"वर्षअखेरचा सन्मान हातचा जाईल. कंपनी माझ्या जागी दुसऱ्या कोणाला उभं करील. माझ्यासारख्या पन्नास जणी दारात रांग लावून आहेत." तिचा आवाज चढला. "आणि ती मुलगी इतके दिवस तोंड शिवून बसली होती. गाणं चाललं तेव्हा बरी आठवण झाली तिला!"

"गा," गुरू म्हणाला.

ती तिथेच बसून गायली. ध्रुवपदापर्यंत नीट गेली. मग त्या लांब ओळीत, सातव्या मात्रेला, तिचा श्वास तुटला. रेकॉर्डिंगच्या वेळी ही ओळ दोन तुकडे सांधून बसवली होती. मंचावर मागच्या मुली आवाज देत. इथे तिच्याशिवाय कोणी नव्हते. ती खोटेच खोकली आणि पुढे गेली.

गुरूने पेटीतून सहीच्या जागी उमटवायचा आपला दगडी शिक्का काढला, मुठीत धरला. "दुपारी सभागृहात माझं गाणं आहे. ये. शिक्का तिथं मिळेल."

सभागृह लहान होते. चटयांवर तीस-चाळीस माणसे बसली होती, बहुतेक पिकल्या केसांची. गायिका पुढच्या रांगेत बसली. तिचा व्यवस्थापक कागद घेऊन मागे दाराशी उभा राहिला.

गुरूच्या या जुन्या गायकीत एकच माणूस उभा राहून तासन् तास कथा गातो आणि शेजारी बसलेला ढोलवाला त्याला ताल देतो. त्यांची एक रीत आहे. पूर्वीच्या एखाद्या गायकाने कथेत आपला खंड घातलेला असेल, तर तो गाण्यापूर्वी त्याचे नाव घ्यायचे. नाव घेतल्याशिवाय ढोल वाजत नाही. त्या दुपारी नावाड्याच्या बायकोचा विलाप गायचा होता. तो मीठ वाहणाऱ्या होडीवरच्या एका आंधळ्या गायकाने रचलेला. शिष्येला तो शिकायला दोन वर्षे लागली होती, आणि रोज सकाळी आधी त्या आंधळ्याचे नाव घ्यावे लागे.

गुरू उभा राहिला. गाताना हाती धरायचा घडीचा पंखा उघडला. म्हणाला, "नावाड्याच्या बायकोचा विलाप. हा खंड मी रचला."

ढोलवाल्याची काठी वर उचललेली तशीच राहिली.

"काय बुवा," मागून एक म्हातारी बोलली, "सकाळी काढा जास्त झाला का?"

दोन-चार जण हसले. गुरू हसला नाही. "मी रचला," तो पुन्हा म्हणाला. "वाजव."

ढोलवाला त्याच्याबरोबर चाळीस वर्षे वाजवत होता. त्याने काठी चटईवर ठेवली. "असल्या बोलण्यावर माझी काठी पडायची नाही. दुसरा ढोलवाला बघ."

गायिकेचे कान तापले. ज्या माणसापुढे तिने सहा वर्षे मान वर केली नव्हती, तो सगळ्यांसमोर उघड खोटे बोलत होता, आणि लोक त्याला हसत होते. तिला बसवेना. ती ताडकन उठली.

"गुरुजी, हा तुमचा नाही! होडीवरच्या आंधळ्याचा आहे. तुम्हीच शिकवलंत मला!"

"त्याला मरून दीडशे वर्षं झाली. तो येतोय का भांडायला?"

"म्हणून काय त्याचं घ्यायचं?"

"त्याच्याकडे कागद आहे?"

"कागद कशाला हवा? इथं सगळ्यांना ठाऊक आहे!"

"आणि ठाऊक नसतं तर?"

तिची नजर मागे दाराशी, व्यवस्थापकाच्या हातातल्या कागदाकडे गेली.

गुरू खाली बसला. कपाळ चटईला टेकवून त्याने आंधळ्या गायकाचे नाव तीन वेळा घेतले आणि श्रोत्यांची क्षमा मागितली. मग तो शिष्येकडे वळला.

"सहा वर्षं तुझा श्वास ऐकलाय मी. सातव्या मात्रेला सुटतो. कितीही मेहनत केलीस तरी तिथंच. तुझं ध्रुवपद अकरा मात्रांचं आहे, मध्ये श्वासाला जागा नाही. माणूस ओळ रचतो ती आपल्या छातीच्या मापानं. ही ओळ दुसऱ्या छातीची आहे. कोणाची, ते मला माहीत नाही. सकाळपासून तू 'ती मुलगी', 'ती मुलगी' म्हणतेयस. चार वर्षं एका खोलीत राहिलात. नाव नव्हतं तिला? ज्याचं नाव घ्यायला जीभ जड होते, त्याचं काहीतरी आपण उचललेलं असतं."

त्याने मूठ उघडली आणि शिक्का तिच्यापुढे चटईवर ठेवला.

"हा घे. लावायचा तर लाव. मी अडवणार नाही. मी आज एकाचं नाव खाल्लं, म्हणून आज गाणार नाही. माझी जागा रिकामी आहे."

तो उठला आणि पुढच्या रांगेत, तिच्या जागेवर जाऊन बसला.

व्यवस्थापक घाईने पुढे आला. "मॅडम, शिक्का घ्या आणि चला. गाडी उभी आहे."

तिने शिक्क्याकडे पाहिले. उचलायला हात पुढे केला, बोटे दगडाला लागली. मग तिने हात मागे घेतला. ती गुरूच्या जागेवर जाऊन उभी राहिली.

"मॅडम, काहीही बोलू नका," व्यवस्थापक दबक्या आवाजात म्हणाला. "लोकांच्या हातात फोन आहेत."

"माझ्या अल्बमच्या पहिल्या गाण्याचं ध्रुवपद," ती म्हणाली आणि अडली. पुन्हा म्हणाली, "या गाण्याचं ध्रुवपद कुम्हीनं रचलं. वसतिगृहाच्या गच्चीवर, कपडे वाळत घालताना. मी बादली धरून उभी होते. बाकीचं गाणं माझं आहे."

व्यवस्थापक फोन कानाला लावून बाहेर गेला. ढोलवाल्याने एकवार गुरूकडे पाहिले, मग तिच्याकडे. त्याने काठी उचलली आणि पहिला ठोका दिला.

ती गायली. सातव्या मात्रेला श्वास संपला. ती खोकली नाही. सगळ्यांसमोर थांबली, छाती भरून श्वास घेतला आणि कुम्हीची ओळ पुढे नेली. तेवढा वेळ ढोल थांबून राहिला.